सरवा, मुसकं आणि बांध

'सरवा' हा शब्द मी दोनच ठिकाणी ऐकला. एक रानात आणि दुसरा पवित्र शास्त्रात. दहावीपर्यंत शाळेच्या एकाही पुस्तकात तो मला भेटला नाही. ज्वारी काढून कणसं खळ्यावर गेली की रानात चुकूनमाकून जी कणसं राहतात, भुईमूग उपटल्यावर ज्या शेंगा मातीत राहतात, तो सरवा. माझी माय सरवा वेचायला जायची. आमचं घर उदगीर आणि देगलूरच्या मधल्या एका खेड्यात, मांगवाड्यात. आम्हाला रान नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. काही मालक बायांना हाकलून द्यायचे आणि आधी आपली जनावरं रानात सोडायचे. काही कानाडोळा करायचे. मायची ओटी भरली की त्या रात्री घरात घुगऱ्या शिजायच्या.

मला नीट वाचता यायला लागलं तेव्हापासून माय रोज रात्री चिमणीच्या उजेडात माझ्याकडून शास्त्र वाचून घ्यायची. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा वाचता वाचता रूथचं पुस्तक आलं. परमुलखातली विधवा पोरगी, सासूच्या मागं बेथलेहेमला आलेली, पोटासाठी सातूच्या रानात सरवा वेचते. मी वाचत होतो आणि मायचा भाकरी थापणारा हात थांबला. "पुन्हा वाच," म्हणाली. रानाचा मालक बवाज येतो, आधी कापणी करणाऱ्यांना देवाच्या नावानं नमस्कार करतो, मग गड्यांना सांगतो की हिला हटकू नका, उलट पेंढ्यांतली चार कणसं हिच्यासाठी मुद्दाम खाली टाका. मायनं सगळं ऐकलं. "असला मालक आपल्या शिवारात एक तरी दाखव रं मला," म्हणाली. तव्यावरची भाकरी उलथली आणि पुढं म्हणाली, "पण लिहून ठेवलंय न्हवं. म्हंजे असं असायला पायजे, हे लिहून ठेवलंय."

शास्त्रातून तुम्हाला काय मिळतं, असं मला गावातली माणसं विचारतात, शहरातले पाहुणेही विचारतात. मी मायच्या ह्या बोलण्यापासून सुरुवात करतो. आजकाल रोज सकाळी व्हॉट्सअपवर वचन येतं. गुलाबाच्या फुलावर छापलेली एक ओळ. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही. पण त्या एका ओळीवर दिवस निभत नाही. फुलावर छापण्यासारख्या ओळी निवडून काढल्या की मागं जे राहतं, त्यात बैल असतात, मजुरी असते, विहिरी असतात, बांध असतात. माझं काम त्या राहिलेल्या ओळींशी जास्त पडलं. तोही एक सरवाच म्हणा.

आज्यानं निजामाच्या राज्यात बाप्तिस्मा घेतला. तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं, 1956 पर्यंत होतं, आणि बिदरला मेथॉडिस्ट मिशनचं जुनं ठाणं. तिकडून पाळक बैलगाडीनं यायचे. पण आमच्या घरात शास्त्र रुजलं ते एका म्हाताऱ्या बायबलबाईमुळं. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायी गावोगाव. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली होती. पंडिता रमाबाईंना तिनं लहानपणी पाहिलेलं. रमाबाईंचं नाव शाळेत स्त्रियांच्या शिक्षणापुरतं येतं. ह्या बाईनं मायला वेगळी गोष्ट सांगितली. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेली ती बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि सगळं शास्त्र परत साध्या मराठीत उतरवायला बसली. का, तर खेड्यातल्या बाईला ऐकून कळलं पाहिजे. छापखाना मुक्तीचाच, आणि खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच पोरी. 1922 च्या 5 एप्रिलला रमाबाई गेल्या आणि पूर्ण पुस्तक बाहेर आलं 1924 साली. दुष्काळात आईबाप गेलेल्या पोरींनी जुळवलेल्या अक्षरांचं पुस्तक, म्हणून माय ते हातात घ्यायच्या आधी हात धुवायची. स्वतःला वाचता येत नव्हतं तरी.

मी तेरा वर्षांचा असताना 72 चा दुष्काळ पडला. बाप आणि माय खडी फोडायला जायचे. रात्री मायच्या हाताला फोड असायचे, पण वाचन चुकत नव्हतं. इजिप्तातल्या गुलामांच्या विटांचं आलं की ती हसायची. "आपली खडी, त्यांच्या विटा," म्हणायची.

बाप सालगडी होता. मी दहावी झालो आणि त्यानंतर एका वर्षानं बापानं पै पै जोडून तीन एकर माळ घेतला. दगडच दगड. तरी सातबाऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी बाप रानात एकटाच जाऊन बसला होता. आणि तिथून शास्त्र आम्हाला उलट बाजूनं वाचावं लागलं. इतके दिवस आम्ही सरवा वेचणारे होतो, आता सरवा सोडणारे झालो. लेवीयच्या पुस्तकात सांगितलंय की रानाच्या कडा पार कोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेलं परत वेचायला जाऊ नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. तीन एकरात कड ती किती सोडणार? बापानं बराच विचार केला आणि बांधालगतच्या चार ओळी ठरवल्या. मी आता सोयाबीन घेतो, तरी त्या चार ओळी सोडतो. मळणीयंत्रवाला हसतो. बाया मात्र बरोबर येतात, कुणी सांगावं लागत नाही.

मजुरीचंही तसंच. आमच्याकडं मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची रीत होती. सोमवारी काम केलेल्या बाईला पैसे शुक्रवारी. त्यात मालकाला अडचण असली की पुढच्या बाजारी. माय एका मालकाच्या ओसरीखाली दिवे लागेपर्यंत बसलेली मी पाहिलीय. मालक आत जेवत होता. अनुवादाच्या पुस्तकात नियम आहे की मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशावर टांगलेला असतो, सूर्य मावळायच्या आत त्याचं देऊन टाका. सूर्य मावळायच्या आत! हे लिहिणाऱ्याला ओसरीखालचं बसणं माहीत असलं पाहिजे. आमच्या रानात मजुरी त्याच संध्याकाळी मिळते. त्यासाठी सावकाराकडून नाही, पण घरच्या डब्यातून, कधी किराणावाल्याकडून उसने आणून ठेवावे लागतात. खुरपणीच्या दिवसांत त्याचा फायदाही होतो, बाया आधी आमच्याकडं येतात, हेही सांगून टाकतो.

सगळंच मात्र असं सरळ लागू होत नाही. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात संध्याकाळी तासभर आधी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. एकदा खुरपताना बायांनी गोष्ट सांगा म्हणून आग्रह केला, म्हणून ही सांगितली. ऐकून एकजण म्हणाली, "मग काका, उद्या आम्ही बी पाचला येतो." सगळ्या हसल्या. त्या दृष्टांताचा अर्थ मला पाळकसाहेबांनी समजावलाय, पटलाय. रानात तो कसा वापरायचा ते अजून जमलं नाही.

मुसक्याचं सांगायचं राहिलं. पूर्वी खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. बैल कणसांत तोंड घालू नयेत म्हणून त्यांना दोरीचं मुसकं बांधायचे. दिवसभर पायाखाली धान्य आणि तोंडाला जाळी. शास्त्र म्हणतं, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका. बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या बैलांना मुसकी बांधली होती. स्वतःची जोडी झाली त्या वर्षी त्यानं मुसकी केलीच नाहीत. शेजारच्या खळ्यावरून आवाज आला, "बैलं रास खाऊन टाकतील की रं!" बाप म्हणाला, "खाऊन खाऊन किती खातील?" खरं म्हणजे बैल पहिला तासभर खातात, मग पोट भरलं की आपलं आपण चालतात. पुढं मी पौलाची पत्रं वाचली तेव्हा कळलं की पौलानं हाच नियम प्रचारकांच्या पोटापाण्यासाठी लावलाय, आणि देवाला काय बैलांचीच काळजी आहे का, असंही विचारलंय. पौलाबद्दल मला आदर आहे. पण तो तंबू शिवणारा होता, औत हाकणारा नव्हता. देवाला बैलाचीही काळजी आहे, असंच मी धरून चालतो.

गावात राहायचं तर रोज नवा प्रश्न. आमच्याकडं मार्गशीर्षात येळवस असते, पुस्तकी भाषेत वेळ अमावस्या. लातूर, उस्मानाबाद, नांदेडकडचं हे मोठं सण. अख्खं गाव रानात. कडब्याची कोप करायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर. ज्याला रान नाही त्यालाही बोलावणं असतं. एक नवे पाळक आले होते, ते म्हणाले की पूजेचं अन्न आहे, जाऊ नका. मायला ते पचेना. वर्षभर ज्यांच्यासोबत पाणी, सरपण, बाळंतपणं चालतात, त्यांनी हातानं वाढलेली आंबील नको कशी म्हणायची? मग करिंथकरांचं पहिलं पत्र काढलं. तिथं नेमका हाच प्रश्न. पौल सांगतो, कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढं येईल ते खा, चौकशी करत बसू नका. कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. मायनं निकाल दिला, "विचारायचं न्हाई, खायचं." इथं मात्र पौलाला घरगुती अक्कल होती असं तिचं मत पडलं. आम्ही पूजेला उभे राहत नाही, जेवायला बसतो. आमच्या रानात आम्ही त्याच दिवशी उपकारस्तुतीची प्रार्थना करतो, आणि शेजारीपाजारी आमच्या डोक्यांसोबत डोकी खाली करून उभे राहतात. कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन होतं. आमच्याकडं भांडी पडली, आम्ही बाहेर पळालो. तिकडं औसा-उमरग्याकडं गावंच्या गावं बसली. सात हजारांच्या वर माणसं गेली. आमच्या मंडळीनं भाकरी, चटणी, कपडे गोळा केले आणि आम्ही काही जण ट्रकनं गेलो. जे पाहिलं ते लिहीत नाही. परत आलो तर पारावर एक बोलणं, चर्चच्या दारातही तेच बोलणं, की पाप वाढलं म्हणून झालं. मला ते ऐकवेना. लूकच्या तेराव्या अध्यायात लोक येशूला असंच काही सांगायला येतात. तो शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट काढतो. बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? नाही, असं तो स्वच्छ सांगतो. पुढं पश्चात्तापाचं बोलतो, पण ते ऐकणाऱ्या सगळ्यांना, मेलेल्यांवर बोट ठेवून नाही. रविवारी साक्षीच्या वेळी मी उठून एवढंच वाचलं आणि खाली बसलो. किल्लारीला माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरची मातीची ओझी अंगावर येऊन, झोपेत. त्या महिन्यात मी आमच्या माळवदाची माती उतरवली आणि पत्रे टाकले.

आता बांधाचं. हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण शास्त्राची खरी परीक्षा मला इथं द्यावी लागली.

आमच्या रानाला लागून ज्याचं रान आहे, तो दर पेरणीला बांध कोरायचा. एक तास ह्या वर्षी, एक तास पुढच्या वर्षी. बाप होता तोवर शिवीगाळीवर निभलं. बाप गेला आणि कोरणं वाढलं. बांधावरची बाभळ आमची होती, ती एक दिवस त्याच्या रानात उभी दिसली. बाभळ तिथंच होती, बांध सरकला होता. माझा पोरगा पुण्याला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, केस करा. भाऊबंद म्हणाले, चार पोरं घेऊन रात्रीतून नांगर घालू.

मी पुस्तक उघडलं. शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्याला शाप, असं अनुवादात लिहिलेलं आहे. वाचून मला गोड वाटलं, खोटं का बोला. पण तो शाप सरकवणाऱ्याला आहे. ज्याची मेर सरकली त्यानं काय करायचं? उत्पत्तीत इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या गड्यांनी विहीर खोदली, तिथले गुराखी म्हणाले पाणी आमचं. त्यानं ती सोडली, दुसरी खोदली, तिच्यावरही भांडण. तीही सोडली. तिसरीवर कुणी भांडलं नाही. चांगली गोष्ट आहे. पण इसहाकाला पुढं सरकायला मुलूख मोकळा होता. मी तीन एकरातून कुठं सरकू? पलीकडं नाला आहे.

शेवटी कामाला आली ती मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली एक साधी रीत. भावानं अन्याय केला तर आधी तुम्ही दोघंच असताना बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरी नाही तर मंडळीला सांगा. मी रात्री त्याच्या आखाड्यावर एकटा गेलो. "काय करलालास तू हे?" म्हणालो. तो म्हणाला, बांध होता तिथंच हाय. मग आठ दिवसांनी दोघांना घेऊन गेलो, एक त्याच्याच भावकीतला म्हातारा आणि एक शाळेतले गुरुजी. म्हातारा त्याला बोलला, पण त्यानं मान हलवली नाही. आता मंडळी. तो काही आमच्या मंडळीतला नव्हता. मग दोघांनाही लागू असलेली मंडळी कोणती? सरकार. मोजणीचे पैसे भरले. मोजणीवाले आले, साखळी-यंत्र लावलं, नकाशा पाहिला, पंचांसमोर दगड रोवले. दीड गुंठा आमचा निघाला. मी त्याला शिवी दिली नाही, पेढेही वाटले नाहीत. तीन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

मग आलं 2016. त्याच्या आधीची दोन सालं पाऊस गेलेला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दिल्लीची वर्तमानपत्रं लातूरला आली. खेड्यात रेल्वे येत नाही. सोयाबीन गेलं होतं, हरभरा उगवला नव्हता, कडबा विकत घ्यायची ऐपत नव्हती. मी बैलजोडी हाळीच्या बाजारात नेली. काय भाव मिळाला ते लिहीत नाही, घेणारा तरी काय करेल, त्याच्याकडंही कडबा नव्हता.

त्या रात्री वाचनाला हबक्कूक होता. तीन अध्यायांचं छोटं पुस्तक. संदेष्टा सुरुवातच देवाशी भांडून करतो, किती वेळ ओरडू, तू ऐकतच नाहीस. हे मला फार आवडतं. आमच्यात काही प्रचारक येतात, ते सांगतात की दान वाढवा, पाऊस पडेल, तक्रार करणं म्हणजे अविश्वास. त्यांनी हबक्कूक वाचलेला दिसत नाही. त्या वर्षी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत कर्जापायी माणसं गेली. तक्रार करायला जागा असती, ऐकणारं कुणी असतं, तर त्यातली काही राहिली असती असं मला वाटतं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडं तो एकेक मोजत जातो. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं. ही झाडं आमच्याकडं नाहीत, मी वाचत गेलो. मग आलं की शेतात धान्य नाही आणि गोठ्यात गुरं नाहीत. त्यापुढं 'तरीही' आहे. तिथं माझा आवाज फुटेना. बाहेर गोठ्यात दोन मोकळे खुंटे होते.

बायकोनं पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. ती चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचते, जोडाक्षराला अडते. तिनं 'तरीही' पासून शेवटपर्यंत अडत अडत वाचलं. देवात आनंद करीन, असं तो म्हणतो. वाचून झालं, तिनं पुस्तक कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "आनंदाचं उद्या बघू. आता जेवा."

आमच्या बोअरला तेव्हा इंचभर पाणी होतं, दिवसातून तासभर. शेजाऱ्याचा बोअर मार्चातच कोरडा पडला होता. एक दिवस त्याची बायको घागर घेऊन आमच्या बांधावर आली. दगडाच्या पलीकडं उभी राहिली, अलीकडं येईना. नीतिसूत्रांत आहे, वैरी तहानेला असला तर त्याला पाणी पाज, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे ठेवल्यासारखं होईल. निखाऱ्यांचं मला काही जमत नाही. पाणी द्यायचं असेल तर मनात निखारे कशाला पेटवायचे? बायकोनं घागर भरून दिली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, मान खाली. मी सांगितलं, घराला आणि गुरांना रोज दोन बॅरल ने, पावसापर्यंत. त्याचा पाऊण एकर ऊस उभा होता, त्यालाही एक पाळी मागायला लागला. उसाला नाही म्हणालो. शास्त्रात तहानेल्या माणसाचं आहे, उसाचं नाही. तो काही बोलला नाही. ऊस वाळला. गुरं वाचली.

त्या वर्षी पाऊस झाला, परतीचा तर इतका झाला की मांजरा धरण भरलं. आता आम्ही बोलतो. बाजारात, लग्नात, चारचौघांत बोलतो, बांधावर मात्र नाही. मोजणीचा दगड जिथं रोवला तिथंच आहे. पेरणीला त्याचा ट्रॅक्टर दगडाजवळ आला की अजून जरा वाकडा वळतो, आमच्या बाजूला, हातभर. पोरगं पुण्याहून फोन करून विचारतं, "बाबा, बांधाचं काय?" मी म्हणतो, दगड जागेवर आहे. आणि पेरणी झाली की फावडं घेऊन जातो, तेवढी हातभर माती परत ओढून बांधावर टाकतो.